निरुपद्रवी औषधाचा भ्रम : भोर-वेल्ह्याच्या अनुभवातून काही विचार

आषाढ लागला, खाचरे भरली आणि भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत भातलावणी सुरू झाली, की आमच्या चिकित्सालयातील गर्दीचे स्वरूप बदलते. दिवसा कोणी फिरकत नाही. दिवेलागणीनंतर मात्र पाण्याने पाय पांढरे पडलेली, कंबरेवर हात ठेवून चालणारी माणसे येऊ लागतात. दिवसभर चिखलात वाकून रोप लावणाऱ्याची कंबर, गुडघे आणि मनगटे दुखणार, हे सांगायला वैद्य नको. गेली वीस वर्षे आम्ही हे पाहत आहोत. या काळात एक बदल मात्र ठळकपणे जाणवला. पूर्वी रुग्ण केवळ दुखणे घेऊन येत असे. आता तो दुखणे आणि त्यावर स्वतःच घेतलेले औषध, असे दोन्ही घेऊन येतो, आणि पुष्कळदा दुसऱ्याचीच चिकित्सा आधी करावी लागते.

काही वर्षांपूर्वी लावणी संपत आली असताना डोंगरालगतच्या एका गावातून पन्नाशीच्या एक भगिनी आल्या. तक्रार अशक्तपणाची आणि भोवळ येण्याची होती. पापण्या ओढून पाहिल्या, तर पांढऱ्याफटक. मलप्रवृत्तीविषयी विचारता, आठ दिवसांपासून शौचास डांबरासारखी काळी होत असल्याचे कळले. काही औषध चालू आहे का, या प्रश्नाला उत्तर आले, “नाही.” सोबत आलेल्या सुनेने मात्र पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “ही दुखायची गोळी तेवढी घेत्यात.” लावणीच्या अठरा दिवसांत सकाळी एक व रात्री एक, बहुधा रिकाम्या पोटी कोऱ्या चहाबरोबर. गोळी गावातील किराणा दुकानातून आणलेली होती. त्यांना त्याच रात्री पुण्यास पाठवावे लागले, रक्त द्यावे लागले, आणि दैवयोगाने त्या वाचल्या. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. आमच्या भागात दुखण्याच्या गोळीला कोणी औषध समजतच नाही, हे त्या दिवशी आम्हाला उमगले.

दुसरा प्रसंग आमच्या स्वतःच्या चुकीचा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. साठीचे एक शेतकरी अम्लपित्ताची तक्रार घेऊन आले होते. आम्ही यष्टिमधू चूर्ण तीन-तीन ग्रॅम दोन वेळा दुधाबरोबर दिले. गुण उत्तम आला. गुण आला म्हणून त्यांनी ते चालू ठेवले आणि आम्हीही चालू ठेवू दिले. तीन महिन्यांनी ते आले ते पायांवर सूज, पिंडऱ्यांत गोळे आणि पायरी चढता न येण्याइतकी दुर्बलता घेऊन. रक्तदाब बराच वाढलेला होता आणि तपासणीत रक्तातील पोटॅशियम फार उतरलेले आढळले. मग चौकशी केली, तेव्हा समजले की ते पूर्वीपासून रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेत होते. त्या गोळीने पोटॅशियम बाहेर जात होते आणि यष्टिमधूने तेच काम अधिक जोराने चालवले होते. यष्टिमधूतील ग्लिसरायझिन शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम घालवते, हे आम्ही वाचलेले होते. परंतु रुग्णाला “आणखी काय घेता?” हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. कारण मनात कुठेतरी होते की आपले औषध आहे, त्याने काय होणार?

“त्याने काय होणार?” हा जो भाव आहे, त्याविषयी वैद्यबंधू, भगिनी आणि औषधविक्रेते यांच्याशी मोकळेपणाने बोलावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. किराणा दुकानातील गोळी घेणाऱ्या भगिनीच्या मनात जो भाव होता, तोच चूर्ण लिहून देणाऱ्या आमच्याही मनात होता. औषध कोणत्या शास्त्राचे, हा प्रश्न नंतरचा. जे शरीरात परिणाम घडवते ते अपायही घडवू शकते, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

वेदनाशामके : लाभ आणि अपाय

प्रथम नित्य वापरातील वेदनाशामकांचा विचार करू. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही नावे आज खेडोपाडी सर्वांना ठाऊक आहेत. या औषधांना सरसकट वाईट ठरवणे हे अज्ञानाचे लक्षण होय. लचक, दाढदुखी, मुतखड्याची कळ, संधिशोथाचा तीव्र वेग अशा प्रसंगी ती रुग्णाला जो दिलासा देतात, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यांची कार्यपद्धती इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडली आणि त्या संशोधनाबद्दल १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, म्हणून शोथ व वेदना कमी होतात. परंतु हीच द्रव्ये आमाशयाच्या आतील आवरणाचे अम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह राखतात. म्हणजे ज्या क्रियेने कंबर थांबते, त्याच क्रियेने आमाशय उघडे पडते. लाभ व अपाय एकाच मुळातून येतात, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे.

आमच्या भागाच्या दृष्टीने तीन धोके विशेष आहेत. पहिला, रिकाम्या पोटी व दीर्घकाळ घेतल्याने होणारा आमाशयातील व्रण आणि रक्तस्राव. वर सांगितलेल्या भगिनींना तोच झाला होता. मद्यपानाची सवय असलेल्यांत हा धोका अधिक. दुसरा धोका मूत्रपिंडाचा. दिवसभर राबून अंगातील पाणी कमी झालेल्या, वयस्क किंवा मधुमेही माणसाने ही औषधे घेतली, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. त्यात रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या आणि मूत्रल औषध चालू असेल, तर या तिघांचा संयोग मूत्रपिंडास फार घातक ठरतो. तिसरा धोका पावसाळी ज्वराचा. डेंग्यूत रक्तकणिका घटलेल्या असतात, म्हणून अशा ज्वरात ही औषधे रक्तस्रावाला निमंत्रण देतात. भातखाचरांतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये मूत्रपिंड आधीच ग्रस्त असते. म्हणून निदान होईपर्यंत पावसाळी तापाला पॅरासिटामॉलपलीकडे वेदनाशामक नको, हा नियम आम्ही पाळतो. पॅरासिटामॉलचीही मर्यादा आहेच. प्रौढासाठी चोवीस तासांत चार ग्रॅम ही कमाल मात्रा समजली जाते, आणि दुर्बल, मद्यपी किंवा यकृतविकारी रुग्णात ती याहून कमी ठेवावी लागते. अनेक संयुक्त गोळ्यांत डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅकसोबत पॅरासिटामॉल मिसळलेले असते. रुग्ण तापाची एक आणि अंगदुखीची दुसरी अशा दोन नावांच्या गोळ्या घेतो, आणि पोटात तेच औषध दुप्पट जाते. हे रुग्णाला दिसत नाही; औषधविक्रेत्याला दिसू शकते.

डायक्लोफेनॅकची आणखी एक कथा सह्याद्रीत राहणाऱ्यांना परकी वाटू नये. भारतातील गिधाडे नव्वदच्या दशकात झपाट्याने नाहीशी झाली. कारण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत होती. २००६ साली भारतात या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली माणसांसाठीची कुपी तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित केली गेली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. परंतु एका जीवाला तारणारे द्रव्य दुसऱ्याला मारते, यात देह, बल व सात्म्य पाहून औषध द्यावे या आपल्या सिद्धांताचाच प्रत्यय येत नाही काय?

स्टेरॉइड : तारक आणि मारक

वेदनाशामकांहून अधिक जपून बोलावे असे औषध म्हणजे स्टेरॉइड. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली संधिवाताच्या रुग्णास प्रथम कॉर्टिसोन दिले गेले आणि खिळलेली व्यक्ती चालू लागली. १९५० साली या संशोधनास नोबेल पारितोषिक मिळाले. श्वासाचा तीव्र वेग, घातक अनूर्जता, काही गंभीर शोथविकार यांत आजही हे औषध प्राण वाचवते. परंतु नेमक्या या चमत्कारामुळेच त्याचा दुरुपयोग झाला. गावोगावी वाताची म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्या आणि गोळ्या घेऊन रुग्ण आमच्याकडे येतात. आठ दिवसांत गुडघा मोकळा होतो, भूक लागते, चेहरा गोल होतो. घरची माणसे म्हणतात, “अंगावर आलं, औषध मानवलं.” तो गोल चेहरा हे मेदवृद्धीचे व द्रवसंचयाचे लक्षण असते, हे त्यांना कोण सांगणार? मागाहून मधुमेह, रक्तदाब, हाडांची झीज, मोतीबिंदू, वारंवार होणारे जंतुसंसर्ग हे सर्व ओळीने येतात.

अशा पुड्यांत व गोळ्यांत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा वेदनाशामके मिसळलेली असल्याचे भारतात आणि परदेशातही अनेकदा तपासणीत आढळले आहे. त्यांवर नाव मात्र आयुर्वेदाचे असते. म्हणजे लाभाचे श्रेय आपल्या शास्त्राला जाते आणि अपायाचा डागही आपल्याच शास्त्राला लागतो. यासंबंधी एक व्यावहारिक सूचना अगत्याची आहे. अशी पुडी घेणारा रुग्ण आपल्याकडे आला, की ती तात्काळ बंद करण्याचा मोह वैद्याला होतो. तसे करणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम थांबवून बसलेली असते. पुडी एकाएकी बंद केली, तर रुग्ण गळून जातो, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी प्राणावर बेतते. सात्म्य झालेली अपथ्यकर गोष्टही एकदम सोडू नये, पादांशिक क्रमाने सोडावी, असे चरक-वाग्भटांनी सांगून ठेवले आहे. आधुनिक वैद्य स्टेरॉइडची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, त्यामागील तत्त्व हेच. अशा रुग्णास तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठेवून ही मात्रा उतरवली पाहिजे.

याच वर्गातील आणखी एक रोजचा दुरुपयोग म्हणजे चिखल्यांवर लावली जाणारी मलमे. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत पाण्याने कुजून होणाऱ्या चिखल्यांवर आणि जांघेतील दद्रूवर तीव्र स्टेरॉइड असलेली संयुक्त मलमे लावली जातात. दोन दिवसांत खाज थांबते, मग रोग आतल्या आत पसरतो, कातडी पातळ होते आणि पुढे साधे बुरशीनाशक औषधही लागू पडत नाही. अशा १४ स्टेरॉइड मलमद्रव्यांना २०१८ साली केंद्र शासनाने शेड्यूल एचच्या कक्षेत आणले. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, हे औषधविक्रेत्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. तरीही ती दिली जातात, हे त्यांनी आम्हाला सांगण्याची गरज नाही.

आपल्या घरातील औषधे

इथवर जे लिहिले, त्यावर आमचे अनेक बांधव मान डोलावतील. परंतु आता आपल्या घराकडे वळणे भाग आहे. “आयुर्वेदिक औषधांना साइड इफेक्ट नसतात,” हे वाक्य आपल्या फलकांवर, पत्रकांवर आणि जिभेवर इतके रुळले आहे, की ते आपल्याच शास्त्राच्या विरुद्ध आहे याचे भान उरलेले नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की युक्तीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि अयुक्तीने दिलेले औषध विषाप्रमाणे बाधते. एक व्याधी शमवताना दुसरी उत्पन्न करणारी चिकित्सा शुद्ध नव्हे, असेही त्यांनीच बजावले आहे. औषधाचा अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग यांची चर्चा करणाऱ्या शास्त्राला अपाय ठाऊक नव्हता, असे म्हणणे हा त्या शास्त्राचा अपमान नव्हे काय?

हिरड्याचेच उदाहरण घ्या. भोर तालुक्यातील एका मावळाचे नावच हिरडस मावळ आहे, इतके हे द्रव्य आपल्या मातीतले आहे. मातेसारखी हितकर म्हणून हरीतकीची ख्याती. तरीही भावप्रकाशकारांनी ती कोणाला देऊ नये याची यादी दिली आहे. वाट चालून थकलेला, बलहीन, रूक्ष, कृश, लंघनाने क्षीण झालेला, पित्ताधिक आणि गर्भिणी, यांना ती वर्ज्य सांगितली आहे. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे येणारी निम्मी माणसे या यादीत बसतात. त्यांना पोट साफ होण्यासाठी डोळे झाकून हिरड्याचे किंवा सोनामुखीचे चूर्ण देणे हा शास्त्रोक्त आयुर्वेद नव्हे.

ज्वरासाठी त्रिभुवनकीर्ती रस महाराष्ट्रात घरोघरी मागितला जातो. त्यात वत्सनाभ आणि हिंगूळ आहेत. वत्सनाभ शोधित असला, तरी मात्रा चुकल्यास जिभेला बधिरपणा, छातीत धडधड आणि हृदयाच्या गतीत घातक अनियमितता येऊ शकते. ज्याला हृद्रोग आहे, त्याला तो विचारपूर्वकच द्यावा. सांधेदुखीसाठी महायोगराज गुग्गुळ मागितला जातो, आणि रुग्ण तो वर्षानुवर्षे घेतो. शार्ङ्गधरोक्त पाठात त्यात नागभस्मासह अनेक भस्मे आहेत, हे मागणाऱ्याला माहीत नसते, आणि देणाऱ्याला माहीत असते तरी तो सांगत नाही. गुग्गुळाने प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या हृदयाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, हे दाखवणारे संशोधन उपलब्ध आहे. कारले, मधुनाशिनी यांसारखी द्रव्ये मधुमेहाच्या गोळ्यांसोबत चालू असता साखर एकाएकी उतरण्याचा संभव असतो. बिब्बा तर आपल्या डोंगरातील माणूस कोणाला न विचारता टाचेवर व गुडघ्यावर चरचरवतो. तो उतला, की अंगभर फोड व सूज घेऊन आपल्याकडेच येतो.

बाहेरच्या जगाने या गोष्टींची नोंद घेतलेली आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा शोधनिबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर भारत शासनाने २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधी उत्पादनांसाठी जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. अश्वगंधेच्या सेवनानंतर कामला झाल्याच्या नोंदी २०२० साली आइसलँड व अमेरिकेतून आल्या. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला, आणि २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतशोथाची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. या वादात कोण बरोबर, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. परंतु आपल्या बाजूने उत्तर देण्यास काय होते? गुळवेल रोज हाताळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांकडे रुग्णांची लिखित नोंद होती? कोणती वेल, किती मात्रा, किती दिवस, सोबत काय, आणि यकृताची तपासणी केली का? नोंद नसलेला अनुभव कितीही मोठा असला, तरी वादात तो उभा राहत नाही.

काही आक्षेप

आमचे हे विचार मांडल्यावर एका ज्येष्ठ वैद्यांनी आम्हाला विचारले, “आपणच आपले दोष चव्हाट्यावर मांडले, तर विरोधकांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होणार नाही का?” हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्यावर आमचे उत्तर असे, की २००४ साली रोफेकॉक्सिब हे जगभर खपणारे वेदनाशामक हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घेतले गेले. त्यामुळे आधुनिक वैद्यकावरील लोकांचा विश्वास उडाला नाही. जे शास्त्र आपले अपाय मोजते, त्याच्या लाभाच्या दाव्यावर लोक विश्वास ठेवतात. जे अपाय नाहीतच म्हणते, त्याच्या लाभावरही पुढे शंका घेतली जाते.

दुसरा आक्षेप औषधविक्रेत्यांचा. “मी नाही दिली, तर तो पुढच्या दुकानात जाईल.” हेही खरे आहे. खाचरात उतरणारा माणूस उद्याची मजुरी बुडवू शकत नाही, रोप वाट पाहत नाही, आणि वरंधा घाटाकडील किंवा तोरण्याच्या मागच्या वाडीवरच्या माणसाला पावसात वैद्य गाठणे सोपे नाही. म्हणून त्याला नुसते “घेऊ नको” म्हणणे हा उपदेश आहे, चिकित्सा नव्हे. त्याला कसे, किती आणि कोठवर घ्यावे, हे सांगणे आपल्या हाती आहे.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. महाराष्ट्रात १९९२ व १९९९ च्या शासकीय अधिसूचनांमुळे आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली, आणि दुर्गम भागात तिचा रुग्णांना उपयोगही झाला. या मुभेवरून वाद चालू असतात. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याच्या हातात दोन्ही शास्त्रांची औषधे आहेत, त्याच्यावर दोन्हींचे अपाय आणि त्यांचे परस्परसंयोग जाणण्याची जबाबदारीही दुप्पट आहे.

काय करता येईल

मोठ्या योजना बाजूला ठेवून, भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांत (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले असले, तरी जिभेवर वेल्हेच आहे) पुढील लावणीच्या आत होऊ शकेल असे काही सुचवावेसे वाटते.

१. प्रत्येक रुग्णास दोन प्रश्न विचारावेत : “दुखण्याची, झोपेची, तापाची किंवा कसलीही गोळी, चूर्ण, काढा घेता का?” आणि “किती दिवसांपासून?” नुसते “औषध चालू आहे का?” विचारू नये, उत्तर “नाही” असेच येईल. शक्य असल्यास घरातील सर्व औषधांची पिशवीच आणावयास सांगावी.

२. वेदनाशामक देणे भाग असेल, तर जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, तीन ते पाच दिवसांपुरते द्यावे. साठीच्या पुढील, मधुमेही, रक्तदाबाचे, श्वासाचे, पूर्वी आमाशयात व्रण झालेले रुग्ण आणि गर्भिणी यांना वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. काळी शौचास, लघवी कमी होणे, पायांवर सूज, डोळे पिवळे होणे, ही चार लक्षणे दिसताच औषध थांबवून यावे, हे रुग्णाला मराठीत स्पष्ट सांगावे.

३. दुखण्याची जी सामान्य चिकित्सा आपल्या शास्त्रात आहे, तिचा कंटाळा करू नये. तिळतेलाचा अभ्यंग, शेक, रात्रीची विश्रांती आणि लावणीतील वाकणे मधूनमधून सोडणे यांनी गोळ्यांची संख्या घटते, असा आमचा अनुभव आहे. आपण स्वतःच हे सांगण्यास वेळ काढत नाही, आणि मग रुग्ण गोळीकडे वळतो म्हणून तक्रार करतो.

४. औषधविक्रेत्यांनी कापलेल्या पट्टीवर औषधाचे नाव व मुदत राहील असाच भाग द्यावा. वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, अहिफेन, जयपाल यांसारखी द्रव्ये औषध नियमावलीच्या शेड्यूल ई (१) मध्ये आहेत आणि ती पोटात घेण्याच्या ज्या औषधांत असतात, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकाला वाचून दाखवावी. आयुर्वेदिक औषधे विकण्यास विक्री-परवाना लागत नाही, म्हणून विक्रेत्याच्या विवेकावरच सारा भार आहे. निनावी पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत.

५. अपायाची नोंद करून ती कळवावी. आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांसाठी राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रम २००८ साली सुरू झाला आणि पुढे नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र झाली. आधुनिक औषधांसाठी असाच कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. दोन्हीकडे एका साध्या नमुन्यात रुग्णाचे वय, औषध, मात्रा, कालावधी, सोबतची औषधे आणि दिसलेले लक्षण कळवायचे असते. रुग्णाचे नाव उघड होत नाही, आणि कळवणाऱ्यावर ठपकाही येत नाही. आपल्या संघटनेने तालुक्याच्या मासिक बैठकीत दहा मिनिटे यासाठी राखून ठेवली, तर वर्षभरात जो संग्रह होईल तो कोणत्याही व्याख्यानाहून मोलाचा ठरेल.

६. आणि अखेरची विनंती फलकांविषयी. “कोणतेही दुष्परिणाम नाहीत” हे वाक्य आपल्या चिकित्सालयांच्या व दुकानांच्या पाट्यांवरून उतरवावे. आम्ही आमच्या पाटीवरून ते काढले आहे. त्याजागी रंगवून घेतले आहे : “येताना घरातील सर्व औषधे सोबत आणावीत.” आरंभी काहींनी हसून विचारले. आता लोक पिशव्या आणतात. गेल्या लावणीत अशाच एका पिशवीत एकाच औषधाच्या तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या सापडल्या, आणि त्याखाली आमच्याच हातची, मुदत संपलेली यष्टिमधू चूर्णाची पुडी.

त्या शेतकरी गृहस्थांची प्रकृती पुढे सुधारली. यष्टिमधू बंद केले, पोटॅशियम पूर्ववत झाले, रक्तदाब उतरला. ते आजही आमच्याकडे येतात आणि नवे औषध दिले की प्रथम विचारतात, “हे किती दिवस घ्यायचं, आणि काय झालं तर थांबवायचं?” हा प्रश्न त्यांनी विचारण्याआधी आपण सांगावयास हवा होता. आपल्या प्रत्येक चिठ्ठीत त्याचे उत्तर असावे, एवढेच आमचे मागणे आहे. सुज्ञ वाचकांनी यावर विचार करावा आणि आपले अनुभव, विशेषतः चुकलेले अनुभव, निःसंकोचपणे या नियतकालिकाकडे लिहून पाठवावेत, ही नम्र विनंती.